ज्युलियस न्येरेरे आणि लिटोवा गावाची गोष्ट

आडवाट (मूळ लेख)

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव आपल्याकडे बहुतेकदा अलिप्त राष्ट्रांच्या यादीत येतं आणि तिथेच संपतं. ज्यांनी थोडं अधिक वाचलं आहे त्यांचे दोन तट पडतात. एकांच्या मते स्वच्छ, निर्मोही, गांधींच्या वाटेने जाणारा माणूस. दुसऱ्यांच्या मते समाजवादाच्या नादी लागून देश कंगाल करणारा. दोन्हींचं म्हणणं मला कळतं. पण न्येरेरे समजून घ्यायचे तर रुवुमा प्रांतातल्या लिटोवा नावाच्या गावात काय घडलं ते पाहावं, असं माझं ठाम मत आहे. तिथवर पोचायला जरा मागे जावं लागेल.

जन्म १९२२चा, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला बुटियामा गावी. झनाकी ही अगदी छोटी जमात, वडील तिच्या प्रमुखांपैकी एक. त्यांना बावीस बायका, त्यातली पाचवी ही आई. मुलाचं नाव कंबारागे. बाराव्या वर्षापर्यंत पोराने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मग मात्र थांबला नाही: मुसोमा, टाबोराची सरकारी शाळा, कंपालाचं मकेरेरे कॉलेज आणि १९४९ ते ५२ एडिंबरा विद्यापीठ. परत आल्यावर दार-ए-सलामजवळ पुगू इथल्या कॅथलिक शाळेत नोकरी धरली. स्वाहिलीत मास्तरांना 'म्वालिमू' म्हणतात. देशाचे प्रमुख झाल्यावरही लोक त्यांना म्वालिमूच म्हणत आणि आजही म्हणतात.

७ जुलै १९५४ रोजी त्यांनी टानू हा पक्ष उभा केला. वर्षभरात राजकारण की मास्तरकी, एकच काय ते निवडा असं सांगण्यात आलं आणि त्यांनी नोकरी सोडली.

आता १९५८चा टाबोराचा प्रसंग. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागात, निवडणूक घ्यायला ब्रिटिश तयार झाले, पण अट अशी की प्रत्येक मतदाराने तीन मतं द्यायची: एक आफ्रिकी उमेदवाराला, एक आशियाई उमेदवाराला आणि एक युरोपीय उमेदवाराला. लोकसंख्येत आफ्रिकी जवळजवळ सगळेच, तरी जागा सारख्या. वर मतदार व्हायला शिक्षणाची आणि उत्पन्नाची अट. टानूचे कार्यकर्ते खवळले, बहिष्कारच घालायचा म्हणाले. टाबोराच्या अधिवेशनात न्येरेरेंनी त्यांची समजूत काढली. त्यांचा हिशोब सरळ होता. प्रत्येकाला तिन्ही मतं द्यावीच लागणार असतील, तर आशियाई आणि युरोपीय जागांवरही कोण निवडून येणार ते आफ्रिकी मतं ठरवणार. म्हणून आपल्या बाजूचे आशियाई आणि गोरे उमेदवार हेरायचे आणि त्यांच्यामागे उभं राहायचं. 'आफ्रिका फक्त आफ्रिकींची' म्हणणारे झुबेरी म्तेम्वू पक्ष सोडून गेले, पण निवडणूक टानूने जवळजवळ एकतर्फी मारली. ज्या नियमाने आफ्रिकींना अडवायचं होतं त्याच नियमाने ब्रिटिशांचा डाव उलटला, आणि तोही कुणाचं रक्त न सांडता. माणसांना पटवून बरोबर घेणारे न्येरेरे ते हे.

९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला, न्येरेरे पंतप्रधान झाले. आणि सहा-सात आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला! रशीदी कावावांच्या हाती कारभार सोपवला आणि स्वतः पक्ष बांधायला गावोगाव निघाले. सत्ता नुकती हातात आलेली असताना ती खाली ठेवून धुळीच्या रस्त्यांवर जाणारे नेते फार नाहीत. वर्षअखेर प्रजासत्ताक झालं तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. १९६४ मध्ये टांगानिकाची झांझिबार बेटांशी जोडणी होऊन टांझानिया तयार झाला.

याच माणसाची दुसरी बाजू १९६६ मध्ये दिसली. सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध विद्यापीठाच्या मुलांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर मोर्चा नेला. यापेक्षा इंग्रजांचं राज्य बरं होतं, अशा अर्थाचे फलक होते. न्येरेरेंचा संताप अनावर झाला. जवळपास चारशे विद्यार्थ्यांना त्यांनी घरी पाठवलं. पण मुलांनी मोठ्या पगारांवरही बोट ठेवलं होतं. ते मात्र त्यांनी मनावर घेतलं आणि तिथल्या तिथे स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापला.

फेब्रुवारी १९६७ मध्ये अरुशा जाहीरनामा आला. बँका आणि मोठे उद्योग सरकारजमा झाले. पक्ष आणि सरकारातल्या पुढाऱ्यांना बंधनं घातली: कंपनीत शेअर नकोत, दोन पगार नकोत, भाड्याने द्यायला घरं नकोत. आणि खेड्यांसाठी 'उजामा', म्हणजे कुटुंबासारखं एकत्र राहून, एकत्र कसून, आलेलं वाटून घ्यायचं. कुणावर जबरदस्ती करायची नाही, हे न्येरेरेंनी त्या काळात पुन्हा पुन्हा लिहिलं आहे.

लिटोवाची गोष्ट मात्र या जाहीरनाम्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती. देशाच्या दक्षिण टोकाला, सोंगेया भागात, स्वातंत्र्याच्या आसपास टानूच्या युवक शाखेतली काही तरुण मंडळी न्तिंबांजायो मिलिंगा यांच्या पुढाकाराने रान साफ करून तिथे वसली. वरून हुकूम नाही, निधी नाही. काय पेरायचं, कुणी काय करायचं, हे गावाच्या सभेत ठरे. राल्फ इबट नावाचा एक इंग्रज सल्लागार कुटुंबासह त्यांच्यात येऊन राहिला. हळूहळू आजूबाजूची गावं जोडली गेली आणि 'रुवुमा विकास संघटना' उभी राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस तिच्यात १७ गावं होती. त्यांची स्वतःची पिठाची गिरणी होती, लाकूड कापायची गिरणी होती. लिटोवाच्या शाळेत मुलं पुस्तकाबरोबर शेतीही शिकत. न्येरेरे हे सगळं पाहून भारावले होते. १९६७ मध्ये शिक्षण आणि ग्रामविकासावर त्यांनी जे लिहिलं त्यात लिटोवाची छाप स्पष्ट दिसते. त्यांच्या डोक्यातलं उजामा कुणी खरोखर जगत असेल, तर ती हीच माणसं.

सप्टेंबर १९६९ मध्ये टानूच्या केंद्रीय समितीने ही संघटना बरखास्त केली. यंत्रं जप्त झाली, शाळेतले शिक्षक बदलले गेले, बाहेरच्या सल्लागारांना जावं लागलं.

गुन्हा काय होता? ही गावं प्रांताच्या अधिकाऱ्यांचं आणि पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांचं ऐकत नव्हती. आपला कारभार आपण पाहत होती. पक्षाला ते खपलं नाही. आणि न्येरेरेंनी, ज्यांच्या एका शब्दावर पक्ष वळत असे, हे होऊ दिलं.

पुढचं सगळं मला याच निर्णयातून निघालेलं दिसतं. आपणहून गावं वसवणारे लोक बाजूला सारल्यावर उरले ते अधिकारी, आणि अधिकाऱ्यांना लक्ष्य गाठायचं असतं. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरेंनी जाहीर केलं की गावात राहणं आता ऐच्छिक नाही, तो हुकूम आहे. १९७६ अखेर काम संपवायचं. ट्रक आले, विखुरलेल्या वस्त्यांतली माणसं उचलून रस्त्याकडेच्या आखलेल्या जागांवर आणून सोडली. परत जाऊ नयेत म्हणून कित्येक ठिकाणी मागे घरं पेटवली. किमान ५० लाख माणसं अशी हलवली गेली. त्यात १९७४चा दुष्काळ आला आणि देशाला बाहेरून धान्य आणावं लागलं.

टाबोरामध्ये लोकांना पटवणारे न्येरेरे लिटोवामध्ये गप्प बसले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच हे फार लागतं. तुम्हाला काय वाटतं?

काजूबाग

सुंदर लेख. टाबोराची निवडणूक माहीतच नव्हती.

हुकमी गावांच्या परिणामाबद्दल एक भर घालतो, माझ्या धंद्याशी संबंधित आहे म्हणून. टांझानियाच्या दक्षिणेला, म्त्वारा भागात, काजू हे मोठं पीक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या मोठ्या काजू उत्पादकांमध्ये त्यांची गणना होती. काजूचं झाड लावलं की विसरलं असं होत नाही. खालचं रान बेणावं लागतं, नाहीतर पडलेली बी सापडत नाही आणि वणव्यात झाडं जातात. लोकांना झाडांपासून काही कोस लांब नेऊन बसवलं. रोज एवढं चालून बेणणी कोण करणार? बागा रानात गेल्या. वर सरकारी खरेदीचा भाव कमी, मग रोगही आला. काही वर्षांत उत्पादन कोसळलं. आफ्रिकेचा कच्चा काजू आपल्याकडच्या कारखान्यांतही येतो, त्यामुळे जुन्या लोकांकडून हे ऐकलं आहे.

घर कुठे असावं हे त्या शेतकऱ्याने उगाच ठरवलेलं नसतं. कार्यालयात बसून नकाशावर रेघा मारणाऱ्याला ते दिसत नाही.

समुद्रावरची_उमेद

मी सध्या दार-ए-सलाममध्ये नोकरीला आहे, म्हणून इथून काय दिसतं ते लिहिते.

सरकारी कचेरीत जा, बँकेत जा, आजच्या राष्ट्राध्यक्षांच्या फोटोशेजारी म्वालिमूंचा फोटो असतोच. हजार शिलिंगच्या नोटेवर ते आहेत, विमानतळाला त्यांचं नाव आहे. १४ ऑक्टोबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, सुट्टी असते. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या देशात सव्वाशेच्या आसपास जमाती आहेत. आमच्या कचेरीत सुकुमा आहेत, चगा आहेत, हाया आहेत, माकोंडे आहेत. चेष्टामस्करी चालते, पण जमातीवरून भांडण मी पाहिलेलं नाही. सगळे आपसात स्वाहिलीत बोलतात आणि ती कुणा एका मोठ्या जमातीची भाषा नाही. शेजारच्या रवांडा, बुरुंडी, केनिया, युगांडात जमातींच्या नावाने काय काय झालं ते आठवा.

हे आपोआप झालेलं नाही. न्येरेरेंनी स्वाहिली शाळांत, न्यायालयांत, संसदेत आणली. स्वतः शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत उतरवली, 'ज्युलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. राष्ट्राध्यक्षपद सांभाळून! जमातप्रमुखांचे अधिकार काढून घेतले, तेही स्वतः एका प्रमुखाचा मुलगा असताना. माध्यमिक शाळेतली मुलं मुद्दाम दुसऱ्या प्रांतात पाठवली जात, त्यामुळे पोरं एकमेकांत मिसळली.

लिटोवाचं दुःख मला मान्य आहे. पण त्यांचं मोजमाप करताना हे पारडंही जड आहे, एवढंच.

बोरीबंदर

मी थोडा विरोधी सूर लावतो. आडवाट, तुम्ही लिटोवाला वळणबिंदू मानता. माझ्या मते लक्षणं त्याआधीच दिसत होती.

खटला न चालवता माणसाला आत टाकण्याचा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९६२चा. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. १९६५ला एकपक्षीय राज्यघटना आली. कामगार संघटना पक्षाच्या दावणीला बांधल्या. एके काळचे अगदी जवळचे सहकारी ऑस्कर कांबोना १९६७ मध्ये देश सोडून लंडनला गेले.

आणि सर्वात काळा डाग झांझिबारचा. तिथे अबेद करुमे यांची राजवट लोकांना छळत होती आणि न्येरेरे एकीकरण टिकवण्यासाठी डोळेझाक करत होते. कासिम हंगा आणि उस्मान शरीफ या झांझिबारच्याच दोन राजकारण्यांना न्येरेरेंनी १९६९ मध्ये झांझिबारच्या हवाली केलं आणि तिथे त्यांना ठार मारण्यात आलं. तेच साल, ज्या साली रुवुमा संघटना बंद पडली. प्रामाणिक माणूस होता म्हणून हे माफ होत नाही.

आशियाई लोकांबद्दलही बोललं पाहिजे. १९७१च्या कायद्याने एक लाख शिलिंगपेक्षा जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण शहरांतल्या अशा इमारती बहुतांशी गुजराती आणि इस्माइली कुटुंबांच्या होत्या. आयुष्यभराची कमाई गेली, हजारो लोक कॅनडा-इंग्लंडला निघून गेले.

आडवाट

बोरीबंदर, झांझिबारबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला एक शब्दही मी नाकारणार नाही. हंगा आणि शरीफ यांचं रक्त त्यांच्या हातावर आहे.

आशियाईंच्या बाबतीत मात्र दुसरी बाजूही मांडतो. १९६१ मध्ये नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच द्यावं अशी मागणी त्यांच्याच पक्षातून संसदेत आली, तेव्हा ही वंशवादी भूमिका आहे म्हणून ते तिच्यावर तुटून पडले होते. अमीर जमाल हे गुजराती वंशाचे गृहस्थ त्यांच्या मंत्रिमंडळात कित्येक वर्षं अर्थमंत्री होते. आणि १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकललं, तेव्हा बहुतेक आफ्रिकी नेते गप्प असताना न्येरेरेंनी त्याला उघडपणे वंशवाद म्हटलं. इमारतींच्या कायद्याने झालेलं नुकसान यामुळे भरून निघत नाही. पण हा माणूस कातडीच्या रंगावरून वैर धरणारा नव्हता.

मांडवीकाठ

गोव्याकडून थोडं.

टांगानिका स्वतंत्र झाला ९ डिसेंबर १९६१ला, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. मध्ये फक्त दहा दिवस. दार-ए-सलाममध्ये आणि झांझिबारमध्ये तेव्हा गोंयकार बरेच होते, कारकून, शिंपी, आचारी, शिक्षक. आणि पोर्तुगिजांचं राज्य टांझानियाच्या दक्षिण सीमेपलीकडे, मोझांबिकमध्ये, तसंच चालू होतं.

न्येरेरेंनी मोझांबिकच्या मुक्तिलढ्याला घर दिलं. तो लढा चालवणाऱ्या फ्रेलिमो या संघटनेची स्थापना जून १९६२ मध्ये दार-ए-सलाममध्येच झाली. नाचिंग्वेयाला त्यांच्या सैनिकांचा तळ होता. त्यांचे नेते एदुआर्दो मोंडलाने १९६९ मध्ये दार-ए-सलाममध्येच पार्सल-बॉम्बने मारले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसलाही मोरोगोरोजवळ शाळेसाठी जमीन दिली. जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक असताना हे केलं, हल्ल्याची भीती डोक्यावर घेऊन.

आणि फ्रेलिमोच्या वर्तुळात एक बार्देशचा माणूस होता, आकिनो दे ब्रागांसा. मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार. १९८६ मध्ये माशेल यांच्या विमान अपघातात तेही गेले. गोव्यात त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं.

पिंपळपान

धागा वाचनखुणांत साठवला. एक शंका. अर्थव्यवस्था कोसळली ती फक्त उजामामुळे का? युगांडाच्या युद्धाचा खर्च, तेलाचे भाव, हे धरायचं की नाही?

आडवाट

धरायलाच हवं. १९७३ आणि १९७९ असे दोनदा तेलाचे भाव भडकले. १९७७ मध्ये केनिया-युगांडाबरोबरचा पूर्व आफ्रिकी संघ मोडला, केनियाची हद्द बंद झाली. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या फौजा टांझानियाच्या कागेरा भागात घुसल्या. टांझानियाने त्यांना मागे रेटलं आणि थेट कंपालापर्यंत धडक मारली. ११ एप्रिल १९७९ला कंपाला पडलं. अमीनच्या तावडीतून युगांडा सुटला, पण या युद्धाचा खर्च साधारण ५० कोटी डॉलर धरतात आणि बाहेरून मदत नाममात्र मिळाली. ऐंशीच्या दशकात साबण, साखर, कापड यांसाठी रांगा लागायच्या. नाणेनिधीच्या अटी न्येरेरेंनी वर्षानुवर्षं नाकारल्या. त्या शेवटी त्यांच्यानंतर आलेल्या अली हसन म्विन्यींच्या सरकारने मान्य केल्या.

पण शेतकऱ्याला आपल्या मालाला भाव मिळत नव्हता, आपल्या गावात आपलं चालत नव्हतं, हे तेलाच्या आधीपासूनचं. बाहेरचे तडाखे सगळ्यांनाच बसले. ते झेलायला गावांत जी ताकद लागते ती आपणच काढून घेतली होती.

समुद्रावरची_उमेद

शिक्षणाचं राहून गेलं. न्येरेरे सांगत की इंग्रज गेले तेव्हा देशात दोन इंजिनिअर आणि बारा डॉक्टर होते आणि शंभरातल्या ८५ लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते पायउतार झाले तोवर साक्षरतेत टांझानिया आफ्रिकेत वरच्या रांगेत होता. माझ्या घरमालकीणबाई सांगतात, त्यांच्या आईने प्रौढांच्या वर्गात झाडाखाली बसून अक्षरं गिरवली. म्वालिमूंबद्दल त्या एक वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत.

पिंपळपान

धन्यवाद. आणखी एक भारतीय दुवा मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर न्येरेरे विकसनशील देशांच्या 'साउथ कमिशन'चे अध्यक्ष होते, तेव्हा जिनिव्हात त्याचे सरचिटणीस होते आपले मनमोहन सिंग, १९८७ ते ९०. त्यानंतर वर्षभरात सिंग अर्थमंत्री झाले. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कारही १९९५ मध्ये न्येरेरेंनाच मिळाला.

आता शेवटचा प्रश्न. लिटोवाबद्दल, खेड्यांबद्दल, न्येरेरेंना पुढे काही वाटलं का?

आडवाट

१९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद आपणहून सोडलं आणि बुटियामाला शेती करायला गेले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पक्षाचं अध्यक्षपद मात्र १९९० पर्यंत त्यांच्याकडेच होतं. ते सोडताना एकाच पक्षाचं राज्य ही काही देवाची आज्ञा नाही, असं त्यांनी जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. दोन वर्षांत बहुपक्षीय पद्धत आली.

पण तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर त्याआधीचं, १९८४च्या एका मुलाखतीतलं. पुन्हा सुरुवात करायची झाली तर काय करणार नाही, असं विचारल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: स्थानिक स्वराज्य संस्था मोडीत काढणं आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बरखास्त करणं. स्थानिक संस्था १९७२ मध्ये गेल्या होत्या, सहकारी संघ १९७६ मध्ये. दोन्ही ऐंशीच्या दशकात कायदा करून परत आणाव्या लागल्या. रुवुमाची १७ गावं या दोन्हींच्या आधी मोडली गेली होती, आणि ती परत उभी करायला कुठलाही कायदा पुरला नसता. मिलिंगा आणि त्यांचे सोबती तोवर पांगले होते.